नातीला घेऊन कोणत्या देशीं जावें?

आमच्या दापोडीस मुळा नदीवर हॅरिस पूल म्हणून एक जुना दगडी पूल आहे. मुंबईचा गव्हर्नर लॉर्ड हॅरिस याचें नांव त्यास मिळालें. गव्हर्नर गेला, त्याचें राज्यहि गेलें. पूल आणि नांव मात्र राहिलें. सायंकाळीं नातीला बरोबर घेऊन या पुलापर्यंत एक फेरी मारण्याचा माझा शिरस्ता सेवानिवृत्तीपासून चालू आहे. पूर्वीं ती माझें बोट धरून येई. आतां ती सोळाव्या वर्षांत आहे, आणि रस्ता ओलांडतांना माझाच हात तिच्या हातांत असतो. गेल्या श्रावणांत याच पुलावर तिनें मला विचारलें, "आजोबा, दहावीची परीक्षा झाली कीं परदेशीं न्यायचें तुम्ही कबूल केलें आहे. पण देश कोण ठरवणार? तुम्ही कीं मी?"

प्रश्न लहान तोंडचा असला तरी उत्तर सोपें नव्हतें. निवृत्तीच्या वेळीं मिळालेल्या रकमेंतून एक ठेव मीं या कामासाठीं बाजूस ठेवली होती. तिची मुदत यंदा भरते. तींत दोन माणसांचा, दहाबारा दिवसांचा, एकच प्रवास बसतो. दुसरा बसत नाहीं. माझें वय अडुसष्ट. जुन्या अकरावीचा मी मॅट्रिक. पदवी घेण्याचा योग आला नाहीं, परंतु संस्कृत मात्र गुरुजींपाशीं बसून शिकलों आणि मुलांना तें शिकवण्यांत जन्म घालविला. भारताबाहेर मीं कधीं पाऊल टाकलेलें नाहीं. तेव्हां हा प्रवास नातीचा पहिला, आणि माझा बहुधा पहिला व शेवटचा. निवडींत चूक झाली तर ती पुढच्या वर्षीं सुधारून घेऊं, अशी सोय नाहीं.

घरांत गोष्ट निघाली मात्र, आणि ज्याच्या त्याच्या तोंडीं एकेक देश आला. थोरल्या सुनेचें मत दुबईचें. तेथें तिची बहीण राहते, म्हणजे उतरण्याचा खर्च वांचला, आणि विमानाचा प्रवासहि थोडक्या तासांचा. थोरला मुलगा चाकणच्या एका कारखान्यांत आहे. त्यास सिंगापूर पसंत: गांव स्वच्छ, तमिळ ही तेथील चार राजभाषांपैकीं एक, आणि डाळभात हवा तेव्हां मिळणार. धाकट्यानें मॉरिशसचें नांव काढलें. तेथें मराठी कुळें एकोणिसाव्या शतकापासून वस्ती करून आहेत, गणेशचतुर्थीस सार्वजनिक सुटी असते, आणि भारतीय मजूर ज्या धक्क्यावर उतरले तो पोर्ट लुई येथील आप्रवासी घाट २००६ सालापासून जागतिक वारशांत गणला जातो. प्रत्येकाचें म्हणणें खरें होतें. परंतु शांतपणें विचार करतां मला असें दिसलें कीं, परदेशाच्या नांवाखालीं जो तो आपलें घरच शोधत होता. कोणास बहीण हवी होती, कोणास डाळभात, कोणास गणपति. नात सर्वांचें ऐकत होती, पण बोलत कांहींच नव्हती.

खरें पाहिलें तर परदेशाला बिचकण्याचें दापोडीस कारण नाहीं. पेशवाईच्या अखेरीस, १८१७ सालीं, फोर्ड नांवाच्या इंग्रज अंमलदाराच्या हाताखालची पलटण याच ठिकाणीं होती, व खडकीच्या लढाईंत ती इंग्रजांस जाऊन मिळाली. पुढें मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या अमदानींत येथें सरकारी निवासस्थान झालें, व त्याला लागून वनस्पतींचा बाग उभा राहिला. देशोदेशींचीं झाडें आणून येथें लावीत. १८३८ पासून डॉक्टर अलेक्झांडर गिब्सन हा त्या बागेचा अधिकारी होता. पुढें मुंबई इलाख्याच्या वनखात्याचा तो पहिला मुख्य झाला. त्यानें एका देशी चित्रकाराकडून या बागेंतील झाडाफुलांचीं चित्रें काढून घेतलीं. कालांतरानें गव्हर्नरांचा निवास गणेशखिंडींत गेला. ती इमारत म्हणजे आजच्या विद्यापीठाची मुख्य इमारत. बाग मोडला. चित्रकाराचें नांवहि कागदोपत्रीं उरलें नाहीं. चित्रें मात्र आजहि स्कॉटलंडांतील एडिंबरो येथील वनस्पति-उद्यानाच्या संग्रहांत आहेत, व दापोडीच्याच नांवानें ओळखलीं जातात. आगगाडी या बाजूस १८५८ त आली. २०२३ च्या ऑगस्टांत मेट्रोचेंहि स्थानक झालें, व आतां चाकणच्या परदेशी कारखान्यांत जाणारीं माणसें आमच्याच गल्लींतून सकाळीं बाहेर पडतात.

ही चित्रांची हकीकत कळली तेव्हां मीं नातीस म्हटलें, "चल, एडिंबरोसच जाऊं, आणि आपली दापोडी पाहून येऊं." ती हसली. म्हणाली, "आजोबा, दापोडी पाहायला स्कॉटलंडला? आणि तीं चित्रें काय भिंतीवर टांगून ठेवलीं असतील?" तिचें म्हणणें रास्त होतें. असे संग्रह पाहावयाचे तर आधीं पत्रव्यवहार करून परवानगी घ्यावी लागते. शिवाय विलायतेचा खर्च आमच्या ठेवींत बसणारा नव्हता. तो विचार पुलावरच सोडला.

माझ्या मनांत खरा देश निराळाच होता, आणि तो म्हणजे कंबोडिया, आपला प्राचीन कंबुज देश. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत सूर्यवर्मा दुसरा या राजानें बांधलेलें अंकोरवाटचें विष्णुमंदिर, त्याच्या पूर्वेकडील भिंतीवर सुमारें पन्नास मीटर लांब कोरलेलें समुद्रमंथन, आणि दगडोदगडीं संस्कृत वृत्तांत रचलेले शिलालेख. जन्मभर वृत्तें शिकविलेल्या माणसाला याहून अधिक काय हवें? खर्च बेताचा, प्रवेशपत्र घरबसल्या मिळतें, आणि अंकोरचा तीन दिवसांचा परवाना बासष्ट डॉलरांस पडतो, इथपर्यंत हिशेब मीं वहींत मांडला होता. एक अडचण होती. आपल्या शाळांना सुटी असते तोच काळ, म्हणजे एप्रिलचा महिना, तेथें सर्वांत कडक उन्हाचा. "दुपारीं देवळाच्या सावलींत बसूं," असें मीं ठरवूनहि टाकलें होतें.

एके संध्याकाळीं हा सारा बेत मीं नातीपुढें मांडला. ती कठड्याला टेकून खालच्या पाण्याकडे पाहत होती. थोड्या वेळानें म्हणाली, "आजोबा, देश चांगलाच असेल. पण तेथें सगळा वेळ तुम्ही सांगाल आणि मी ऐकेन. तो तुमच्या वर्गासारखा होईल. मला जपानला जायचें आहे."

मला राग आला, हें कबूल करतों. मुलें रात्रंदिवस जपानचीं चित्रकथांचीं पुस्तकें व चलच्चित्रें पाहतात, त्यांतलेंच हें खूळ, असें मला वाटलें. मीं विचारलें, "तेथें आपलें काय आहे?" ती म्हणाली, "आपलें काय आहे तें पाहायला कशाला जायचें? तें इथें आहेच कीं." मी गप्प राहिलों. घरच्या मंडळींविषयीं जें मीं मनांत म्हटलें होतें, तेंच तिनें माझ्या तोंडावर म्हटलें होतें.

गणपतीचे दिवस जवळ आले. मखर काढण्यासाठीं नात माळ्यावर चढली आणि मखराबरोबर एक पत्र्याची ट्रंक खालीं घेऊन आली. ट्रंक माझ्या मुलीची, म्हणजे तिच्या आत्याची. आंत जपानी भाषेचीं दोनतीन पुस्तकें आणि सुबक अक्षरांनीं भरलेली एक वही होती. तेव्हां मला कळलें कीं, नातीचें जपानचें वेड कोणा चित्रपटाचें नसून दोन वर्षें आत्याच्या जुन्या वहींतून चोरून अक्षरें गिरवण्याचें होतें. तिनें माझ्यापुढें जपानी वर्णांचा तक्ता ठेवला. त्यास ते 'पन्नास ध्वनि' म्हणतात. ती बोट ठेवून वाचूं लागली: "अ, इ, उ, ए, ओ. मग क, स, त, न, ह, म, य, र, व."

मीं तिला थांबविलें व तोच क्रम पुन्हा म्हणावयास लावला. स्वर आधीं, मग व्यंजनें. व्यंजनांत आधीं कंठ्य क, मग दंत्य त, न, मग ओष्ठ्य म, आणि शेवटीं य, र, व हे अंतःस्थ. हा तर आपल्या वर्णमालेचाच क्रम. मधला स आणि ह तेवढे जागा सोडून बसलेले दिसत होते. परंतु भाषाशास्त्री सांगतात कीं, त्या स चा जुना उच्चार च च्या जवळचा असावा, आणि आजचा ह हा मूळचा प. म्हणजे क, च, त, न, प, म, य, र, व. पाणिनीच्या परंपरेंत वाढलेला कोणीहि विद्यार्थी झोपेंतहि हा क्रम ओळखील. बौद्ध आचार्यांबरोबर सिद्धम् लिपि चीनमार्गें जपानांत गेली, व तिच्या अभ्यासांतून तेथील वर्णांना ही मांडणी मिळाली. कूकाई नांवाचा जपानी भिक्षु ८०४ सालीं चीनला गेला, तेथें संस्कृत शिकला, आणि परत येऊन ८१६ सालीं कोयासान पर्वतावर त्यानें मठ वसविला. तेथील थडग्यांच्या दगडांवर सिद्धम् बीजाक्षरें आजहि पाहावयास मिळतात.

त्या रात्रीं नात मला अक्षर सांगे, आणि मी तिला त्याचें स्थान व प्रयत्न सांगें. दहा वाजून गेले तरी दोघांनाहि भान नव्हतें. स्वयंपाकघरांतून आमची मंडळी बाहेर आली, तिनें ती ट्रंक पाहिली, आणि इतकेंच म्हणाली, "त्या वेळीं मीं माझ्या पाटल्या काढून दिल्या होत्या. आठवतें का?"

वाचकहो, मला आठवत होतें. ही हकीकत लिहिण्याचें खरें कारणहि तेंच आहे. २००२ सालीं माझी मुलगी वीस वर्षांची होती. ती पुण्यास जपानी शिकत होती व हुशार होती. तीन आठवड्यांच्या अभ्यासभेटीसाठीं तिची निवड झाली. राहण्याजेवण्याची सोय तिकडची. विमानाचें अर्धें भाडें घरून द्यावयाचें होतें. मीं नको म्हटलें. कारण पैशाचें सांगितलें. पाटल्या पुढें आल्या तेव्हां, "बायकोचे दागिने मोडून मुलीला फिरायला धाडूं काय?" असें मोठ्या बाणेदारपणें म्हणालों. "पुढें पाहूं," असेंहि म्हणालों. मुलगी एका शब्दानें बोलली नाहीं. तिनें पुस्तकें ट्रंकेंत भरलीं आणि ट्रंक माळ्यावर ठेवली. आज ती चिंचवडला आपल्या संसारांत आहे, एका कचेरींत हिशेब लिहिते. पुढें पाहण्याचा तो दिवस कधीं उगवला नाहीं.

खरें कारण पैशाचें नव्हतें. मी घाबरलों होतों. मुलगी एकटी, देश दूर, भाषा अनोळखी. कांहीं बरेंवाईट झालें तर लोक मला काय म्हणतील, ही ती भीति होती. आपल्या धर्मग्रंथांत कलिवर्ज्य म्हणून जी निषिद्ध गोष्टींची यादी आहे, तींत द्विजांचें समुद्रगमन आहे. वर्गांत तो विषय निघाला म्हणजे जुन्या लोकांच्या संकुचितपणावर मी दोन शब्द बोलत असें. आणि दरवर्षीं आनंदीबाई जोशी यांचें चरित्र मी रंगून सांगत असें: पुण्यास जन्मलेली ही मुलगी १८८३ सालीं, वयाच्या अठराव्या वर्षीं, कलकत्त्याहून बोटींत चढली, १८८६ सालीं फिलाडेल्फियाच्या महाविद्यालयांतून डॉक्टर झाली, आणि पुढल्याच वर्षीं पुण्यास वारली. तिची रक्षा न्यूयॉर्क संस्थानांतील पोकिप्सी येथें आहे. हें सांगतांना माझा कंठ दाटून येई. माझी मुलगी याच माझ्या वर्गांत पहिल्या बाकावर बसून तें ऐके. शास्त्राच्या आधारें मुलांना अडविणाऱ्या बापांत आणि माझ्यांत फरक इतकाच कीं, शास्त्राच्या जागीं मीं हिशेबाची वही पुढें केली.

दुसऱ्या रविवारीं मुलगी माहेरीं आली. तिला घेऊन मी पुलाकडे गेलों. कसें बोलावें तें सुचेना. शेवटीं म्हणालों, "तुझ्या जपानच्या वेळीं पैशाची अडचण नव्हती. मी भ्यालों होतों." ती म्हणाली, "मला तेव्हांच ठाऊक होतें, नाना. आईच्या पाटल्या मीं पाहिल्या होत्या." मग थोडा वेळ कोणी बोललें नाहीं. मीं सांगितलें, "माझ्या जागीं तूं भाचीबरोबर जा. पैसे दोघांचे आहेत." त्यावर ती म्हणाली, "माझें तिकीट मी काढीन. पण तुम्ही आलेंच पाहिजे. नाहींतर ती अक्षरें वाचील आणि मी वाटा विचारीन, पण त्या दगडांवरचें संस्कृत आम्हांला कोण सांगणार?"

याप्रमाणें देश ठरला, आणि प्रवासी दोनाचे तीन झाले. बाकीचा बेत नातीनेंच आंखला आहे. मार्चांत परीक्षा संपते. मार्चअखेर व एप्रिलच्या आरंभीं तेथें साकुरा फुलतो. गर्दी व भाडीं त्या वेळीं चढतात हें खरें, परंतु २९ एप्रिलपासून ५ मेपर्यंत त्यांच्या सणांच्या सुट्या लागून येतात, तेव्हां गर्दी याहूनहि अधिक; आणि जूनमध्यें पाऊस धरतो. तेव्हां एप्रिलचा पहिला पंधरवडा बरा. नात अल्पवयी, आणि आईबाप बरोबर नाहींत. म्हणून दोघांच्या सहीचें संमतिपत्र जवळ ठेवावयाचें. जेवणाचा प्रश्न कठीण आहे, कारण साध्या दिसणाऱ्या सारांतहि वाळविलेल्या माशाचा अर्क असतो. 'मासा नको' एवढें म्हणून भागत नाहीं, 'माशाचा अर्कहि नको' असें सांगावें लागतें, व तें वाक्य आम्हीं तिघांनींहि पाठ केलें आहे. कोयासानच्या मठांत मात्र यात्रेकरूंस उतरतां येतें, व तेथील भिक्षूंचें जेवण मूळचेंच निरामिष. मंडळींच्या गुडघ्यांना हा प्रवास झेपणार नाहीं. मेतकूट आणि कोरड्या चटण्यांचें खातें तिनें आपल्याकडे घेतलें आहे.

टोकियो, नारा, कोयासान आणि ओकायामा अशीं चार ठिकाणें घेतलीं आहेत. आगगाडीनें जावयाचें, ही नातीची अट. १९६४ सालीं सुरू झालेल्या त्यांच्या जलद गाडीचें तिला कौतुक. ओकायामा मुलीनें घातलें. पुण्यास सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे यांच्या नांवाचें जें उद्यान आहे, तें तेथील कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलें. गेलीं कित्येक वर्षें ती मुलांना घेऊन तेथें जात असे. कां जात असे, हें मीं कधीं विचारलें नव्हतें. नारा माझें. तेथील तोदाईजीच्या प्रचंड बुद्धमूर्तीचा नेत्रोन्मीलनाचा विधि ७५२ सालीं बोधिसेन नांवाच्या भारतीय आचार्यानें केला. तो ७३६ सालीं जपानांत पोंचला होता. जन्मानें तो भारद्वाज गोत्राचा ब्राह्मण, आणि तिकडे त्याला ब्राह्मण आचार्य याच अर्थाच्या नांवानें ओळखतात. समुद्र ओलांडल्याबद्दल त्यास येथें कोणी अडविलें होतें काय, हें कोणी लिहून ठेवलेलें नाहीं.

माझ्या वयाच्या गृहस्थांस अनुभवाचें म्हणून एवढेंच सांगावेंसें वाटतें. नातवंडांस घेऊन परदेशीं जावयाचें असेल तर खर्च, हवा, जेवण हें सर्व पाहावेंच. परंतु जेथें सर्व कांहीं आपणच सांगूं शकूं असा देश निवडूं नये, आणि जेथें मुलेंच सर्व कांहीं जाणतात असाहि निवडूं नये. दोघांनाहि एकमेकांस विचारावें लागेल, असा देश बरा. आणि तो निवडतांना, घरांतील कोणाचा प्रवास पूर्वीं आपण अडवून ठेवला होता काय, याची एकदां माळ्यावर चढून चौकशी करावी.

आतां दर रविवारीं मुलगी मेट्रोनें चिंचवडाकडून दापोडीस येते, आणि नातीला व मला एकत्र बसवून शिकविते. तिनें मला शेचाळीस अक्षरें घातलीं आहेत. गेल्या रविवारीं माझी वही तिनें तपासली. 'नु' आणि 'मे' या दोन अक्षरांत माझा नेहमीं घोटाळा होतो. तिनें तांबड्या शाईनें दोन्ही ठिकाणीं खूण केली आणि खालीं लिहिलें, "पुन्हा दहा वेळां लिहा." मी लिहीत आहें.